वेगळी चूल

मे महिन्यात आमच्या कॉम्प्युटरमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, डोक्यावरचा पंखा घरघरतोय. मग वाटलं, सोसायटीचा पंप. शेवटी एका रविवारी हिने टेबलाखाली वाकून कॅबिनेटला कान लावला आणि डॉक्टरच्या सुरात सांगितलं, "अहो, आतून येतोय."

झाकण उघडलं. ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या वेगळ्या भागाच्या, पंख्याचं एक पातं कडेला घासत होतं आणि पात्यांवर धुळीची छोटी गोधडी साठली होती. स्क्रू काढला, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबला आणि कार्ड उपसून बाहेर घेतलं. मग खोडरबर घेऊन त्याची सोनेरी कडा घासत बसलो. पंखा बिघडलेला असताना कडा घासून काय होणार, पण कॉम्प्युटर उघडला की खोडरबर चालवायचाच, ही जुनी सवय. दुखणं पोटात आणि जीभ दाखवा म्हणतात, तसंच.

कार्ड वर्तमानपत्रावर ठेवलं, मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाच्या, भोकात खोचली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. तोच डेस्कटॉप, तोच गुहागरच्या समुद्राचा फोटो, तीच अर्धवट राहिलेली मेंटेनन्सची एक्सेल. काहीही बदललं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं घरात राहिलेलं माणूस गावाला जावं आणि तिसऱ्या दिवशीपर्यंत कुणाच्या लक्षातही येऊ नये, तसं झालं.

हे कार्ड मी २०१८ साली लॅमिंग्टन रोडवरून आणलं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने पत्ता विचारला तर समोरचा आधी तुमच्याकडे बघतो. काउंटरवरच्या पोराने "काका, गेमिंग या एडिटिंग?" असं विचारलं. चहावाला साधा की स्पेशल विचारतो, त्याच चालीवर. दोन्ही नाही म्हणायची मला लाज वाटली. मी सोसायटीचा खजिनदार आहे, हिशेब ठेवतो आणि मराठीत पत्रं टाइप करतो, एवढं खरं सांगितलं असतं तर त्याने बिनकार्डाचा पीसी बांधून दिला असता. पण शेजारी पुतण्या उभा होता, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. तो म्हणाला, "गेमिंग." मी म्हणालो, "थोडं एडिटिंग पण." कसलं एडिटिंग, ते मला आजही सांगता येणार नाही. वर वर्ष असं नेमकं निवडलेलं, की कार्डांवर आकडेमोड करून आभासी चलन खोदणारे लोक कार्डं पोत्याने उचलत होते आणि भाव चढलेले होते.

पुढचं सांगायला थोडं धैर्य लागतं. जोडणी मी घरी स्वतः केली. पुढचे तीन महिने येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्चीत बसवून "कार्ड टाकलंय, रंग बघा" म्हणून दाखवत होतो. मॅचमधलं गवत दाखवलं, हिच्या बहिणीला पैठणीचे मोर दाखवले. लोकही "वा" म्हणायचे. गणपतीत पुतण्या आला, त्याने गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला आणि गाडी बैलगाडीच्या चालीने निघाली. तो टेबलामागे वाकला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "काका, केबल कुठे लावलीय?"

मागच्या बाजूला दोन ठिकाणी केबल लावायची सोय असते. वरती मदरबोर्डाची आणि खाली कार्डाची. कार्ड बसवलं की वरची सोय काही बोर्डांवर आपोआप बंद होते. आमच्या बोर्डाने भिडस्तपणे उघडी ठेवली होती. म्हणजे तीन महिने लोकांनी ज्या रंगांना "वा" म्हटलं ते प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपच्या, पोटातल्या फुकटच्या ग्राफिक्सचे रंग होते आणि कार्ड शेजारी बसून नुसतं वारा घेत होतं.

पण कार्डावरही अन्याय नको. पुतण्याने केबल खाली सरकवली आणि त्याच गेममधल्या रस्त्यावर पाऊस पडायला लागला. ओल्या डांबरावर मागच्या गाडीचे दिवे लांबत गेले, वळणावर पाणी उडालं. मी खुर्ची ओढून अर्धा तास नुसता बघत बसलो. फरक होता. फक्त तो माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

हिला हे सगळं समजावून सांगायचा प्रसंग या मे महिन्यात आला, कारण आता नवीन कार्ड घ्यायचं की नाही, असा खर्चाचा प्रश्न होता. मी म्हटलं, पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी समज. आपल्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि ही रांगोळी सेकंदाला ६० वेळा नव्याने घालायची. हिशेबाच्या वहीत एका ओळीपलीकडे काही हलत नाही, त्यामुळे कालचीच रांगोळी पुन्हा घातली तरी चालतं. गेममध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग दर वेळी नव्याने ठरवावा लागतो. ते काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला दिलं तर त्याला स्वतःची मेमरी नसते. ते कॉम्प्युटरच्या रॅममधूनच, म्हणजे चालू कामाच्या मेमरीतूनच, उसनं घेतं, गरज पडली तर जवळजवळ अर्ध्यापर्यंत. कार्डाचं तसं नाही. त्याची मेमरी वेगळी, पंखा वेगळा.

"म्हणजे वेगळी चूल," ती म्हणाली. "मग मीटरही वेगळा असेल."

तसंच आहे. आमचा प्रोसेसर पोटातल्या ग्राफिक्ससकट ६५ वॅटचा. छोटं कार्ड स्लॉटमधूनच ७५ वॅटपर्यंत वीज घेतं. त्याहून मोठी सून आली की एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, तिची स्वतंत्र वायर ओढावी लागते. २०२५ साली आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॅटचं आहे. आमचा मिक्सर ५०० वॅटचा आहे आणि तो लावला की खालच्या मजल्यावर कळतं, यांच्याकडे आज चटणी आहे.

गंमत म्हणजे एकत्र राहायचं की वेगळं, या दोन्ही वाटा एकाच वर्षी रुंद झाल्या. १९९९ साली इंटेलने ८१० नावाचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांचा संच, काढून ग्राफिक्स मदरबोर्डावरच बसवलं, आणि त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड आणून जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचा वेगळा प्रोसेसर, हा शब्द गाजवला. पुढे २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्या शेजारी, एकाच आवरणात आणली, म्हणजे एका वाड्यात दोन बिऱ्हाडं. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये मधली भिंतही पाडली, दोघं एकाच सिलिकॉनवर आले आणि कॅश नावाची हाताशी असलेली झटपट मेमरीही सामाईक झाली. माणसांच्या जगात त्याच काळात वाडे पाडून वन बीएचके चालले होते, ते सोडा.

तरीही मी दुकानात फोन केलाच. पलीकडून पहिला प्रश्न आला, "कितने जीबी का?" मला यावर जरा राग आहे. कार्ड जीबीवर विकणं म्हणजे गाडी डिकीच्या आकारावर विकणं. २०१४ च्या जीटी ७३० वर ४ जीबी मेमरी चढवलेली कार्डंही बाजारात आली. जीबी मोप, पण मेमरी जुन्या डीडीआर३ची आणि रस्ता चिंचोळा. टाकी गच्चीभर आणि नळाला करंगळीएवढी धार. असलं कार्ड घेण्यापेक्षा प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स बरं. घ्यायचंच तर नीट घ्यावं, नाहीतर घेऊ नये.

उलट बाजूचं उदाहरण माझ्या मित्राचं. त्याने पैसे वाचवायला नावापुढे एफ लावलेला इंटेलचा प्रोसेसर घेतला. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड लावाच. पुढे त्याचं कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं आणि पाच आठवडे पीसीवर हिरव्या रोपाची कुंडी होती. घरात पीठ-मीठ सगळं भरलेलं, पण चूलच नाही. त्यामुळे कार्ड घेणाऱ्यालाही मी सांगतो, बाबा रे, आत एक साधी शेगडी असू दे.

आमचं काय करायचं, हे शेवटी रॅमने ठरवलं. २०१८ मध्ये सगळे पैसे कार्डावर गेल्यामुळे ८ जीबीची एकच पट्टी घेतली होती. एक पट्टी असली की सेकंदाला जेमतेम २१ जीबीची ये-जा होते. दुसरी तशीच पट्टी योग्य खाचेत बसवली की दोन रस्ते होतात, ४२. काढून ठेवलेल्या कार्डाला स्वतःच्या घरात ११२ ची सवय होती, तिथवर आपण पोहोचत नाही. पण उसनं मागणाऱ्याला देणाऱ्याचं घर मोठं झालं तर सुखच. पट्टी आणली. बसताना दोन्ही टोकांना टक् टक् वाजलं. एका बाजूला एक्सेल, दुसरीकडे हिच्या पंचवीस उघड्या खिडक्या आणि वर मॅच चालू, तरी आता कुणी कुरकुरत नाही.

एकच अडचण राहिली. कार्ड काढलं त्या जागी मागे दोन बोटांची फट पडली. तिथल्या पत्र्याच्या पट्ट्या २०१८ मध्येच कुठे गेल्या कुणास ठाऊक. दुसऱ्याच संध्याकाळी त्या फटीत एक पाल अर्धी आत, अर्धी बाहेर, विचार करत थांबलेली दिसली. हिने जाहीर केलं की आज याला काहीतरी लावल्याशिवाय स्वयंपाक नाही. मी कपाट उघडलं. जाड पुठ्ठा म्हणून हाती लागल्या त्या गेल्या हिवाळ्यातल्या पुतण्याच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. एक घेतली, मापाने कापली, दोन स्क्रूंखाली धरली. अगदी घट्ट बसली.

रात्री त्याचा बेंगळुरूहून फोन आला. बायकोला कुठला चहा लागतो, गावाला कधी येतोय, सगळं बोलून झालं. मग जुन्या सवयीने त्याने विचारलं, "काका, नवीन कार्ड बसवलंत का?"

"बसवलं की."

"कुठलं?"

"तुझंच," म्हटलं. "सोनेरी कडेचं."