अर्जात न लिहिलेला आजार

देशोदेशींहून उन्हाळी अभ्यासक्रमाला येणाऱ्या शाळकरी मुलांच्या निवासाची आणि आरोग्याची जबाबदारी मी अमेरिकेतील एका विद्यापीठात सांभाळते. मुले येण्यापूर्वी प्रत्येकाचा वैद्यकीय अर्ज मी स्वतः वाचते. आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि पालक जवळ नसताना उपचार करू देण्याची संमती, एवढेच त्यात असते. परंतु अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत त्या दोन पानांवर फार काही अवलंबून असते.

त्या दिवशी सकाळच्या लेखनवर्गात सोळा वर्षांचा एक मुलगा बोलता बोलता मध्येच थांबला, खुर्चीवरून खाली घसरला आणि त्याला झटके येऊ लागले. शिक्षिकेने आसपासच्या खुर्च्या बाजूला सारल्या, त्याच्या डोक्याखाली जॅकेट सरकवले आणि लगेच घड्याळात पाहिले. त्याच्या दातांत पेन धरायला एक विद्यार्थी धावला, त्याला तिने अडवले. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, हात-पाय दाबून धरायचे नसतात. मी पोहोचले तेव्हा झटके थांबत आले होते, म्हणून आम्ही त्याला कुशीवर वळवले. आधीपासून अपस्मार असलेल्या रुग्णाची फिट पाच मिनिटांच्या आत थांबली आणि तो नीट शुद्धीवर आला, तर बहुधा रुग्णवाहिका लागत नाही. मात्र या मुलाच्या अर्जात आजारापुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते, त्यामुळे ही त्याची पहिलीच फिट धरून ९११ ला फोन करणे भाग होते.

विमा कार्ड घ्यायला मी त्याच्या खोलीत गेले, तेव्हा बॅगेच्या आतल्या कप्प्यात जीवनसत्त्वांची एक बाटली सापडली. तिच्यात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या एकत्र होत्या आणि औषधाचे नाव कुठेच नव्हते. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तो नेमका औषधाच्या नावाचा आणि मात्रेचा. मुलगा अजून गुंगीत होता. त्या दुपारी तळ्यावर पोहायला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव होते, हे आठवले आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याच्या घरी तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. त्याची भाषा येणारा रूममेट मदतीला तयार होता, पण मी नको म्हटले. मित्राच्या आजाराची बातमी त्याच्या आईला देण्याचे ओझे कोणत्याही मुलावर टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. रुग्णालयाने फोनवर दुभाषी जोडून दिला. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “लिहिलं असतं, तर घेतलं असतं का तुम्ही त्याला?”

“घेतलं असतं,” मी म्हणाले, आणि ते शब्दशः खरे होते. आमच्याकडे वैद्यकीय अर्ज प्रवेश निश्चित झाल्यानंतरच मागवला जातो, आणि केवळ अपस्मार आहे म्हणून प्रवेश नाकारणे अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात बसत नाही. अर्जात लिहिले असते, तर आम्ही त्याला पलंगाचा खालचा मजला दिला असता, जीवरक्षकाला आधी कल्पना दिली असती आणि रात्रीच्या गोळीची आठवण करून दिली असती. तिची भीती मला पुरेपूर समजते. आजार कळला की दारे बंद होतात, हा अनुभव तिने आपल्या मुलाच्या बाबतीत घेतलेला असणार.

तिने औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवल्यावर उलगडा झाला. विमानप्रवासात वेळा बदलल्या आणि गोळ्या चुकल्या, नंतर रूममेटसमोर बाटली काढायला तो लाजू लागला, त्यात उशिरापर्यंतची जागरणे. चुकलेली औषधे आणि अपुरी झोप, फिट येण्याची ही दोन नेहमीची कारणे इथे एकत्र आली होती.

संध्याकाळी तो पूर्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याने दोनच गोष्टी विचारल्या: मला परत पाठवणार का, आणि खोलीतल्या मुलांना सांगणार का? पहिल्याचा निर्णय त्याचे डॉक्टर आणि आईवडील घेतील, दुसरा पूर्णपणे तुझा, असे मी त्याला सांगितले. पालकांनी त्याला राहू दिले. रूममेटना त्याने स्वतःच सांगितले आणि फिट आली तर काय करायचे, हे त्या शिक्षिकेकडून त्यांना समजावून घ्यायला लावले. पुढच्या हंगामापासून आजाराच्या प्रश्नाच्या वर मी ठळक अक्षरांत एक ओळ छापून घेतली आहे: ‘या उत्तरांमुळे तुमच्या पाल्याचा प्रवेश रद्द होणार नाही.’ ही ओळ आम्ही पालकांच्या भाषांतही देतो.