ताजच्या सी लाउंजमध्ये एक दुपार, आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

ताजमहाल पॅलेसच्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये समुद्रात बुडणारा सूर्य बघायला म्हणून जाऊ नका. अपोलो बंदराचा समुद्र पूर्वेला आहे, सूर्य हॉटेलच्या मागे मावळतो. पण म्हणूनच दुपारी चारच्या सुमाराला तिथे बसावं. इमारतीची सावली हळूहळू खालच्या रस्त्यावर उतरते आणि पलीकडे बंदरातल्या लाँची मात्र अजून उन्हात असतात. मी आईला घेऊन गेले होते. खिडकीजवळची जागा मिळाली आणि तिने पहिली दहा मिनिटं चहाकडे पाहिलंसुद्धा नाही.

गेटवेपाशी एक गोष्ट हमखास ऐकू येते: ताज चुकून उलटा बांधला गेला आणि ते पाहून आर्किटेक्टने जीव दिला. ही गोष्ट खोटी तर आहेच, शिवाय एका कर्तबगार मराठी माणसावर अन्याय करणारी आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य 1900 मध्ये मलेरियाने गेले, तेव्हा इमारत पुरी व्हायची होती. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. मूळ प्रवेशद्वार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. घोडागाड्या तिकडून येत आणि समुद्राकडची बाजू खोल्यांना मोकळी राहत असे. लाउंजच्या खिडकीत बसलं की या मांडणीतलं शहाणपण आपोआप पटतं.

हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झालं. गेटवे तेव्हा नव्हतंच, ते 1924 चं. म्हणजे वीसेक वर्षं बोटीने मुंबईत येणाऱ्याला आधी दिसायचा तो ताजचाच घुमट. फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनी हे हॉटेल काढलं, असं सगळे सांगतात. अभ्यासक त्याबद्दल साशंक आहेत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की 1896 च्या प्लेगने शहर खचलेलं असताना या माणसाला इथे इतकं मोठं काही उभारावंसं वाटलं. हॉटेल उघडल्यावर जेमतेम पाच महिन्यांनी, मे 1904 मध्ये, ते जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलचं रुग्णालय झालं होतं.

सी लाउंजची खरी ख्याती मुंबईकरांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. दोन घरांची माणसं इथे कॉफीला भेटत आणि मुलगा-मुलगी एकमेकांना पाहत. कितीतरी लग्नं इथल्या टेबलांवर ठरली आहेत. आमच्या शेजारच्या टेबलावर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जरा जास्तच नीट बसली होती, त्यावरून ती प्रथा अजून जिवंत असावी.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात या हॉटेलात 31 जणांचा जीव गेला. त्यांची नावं कोरलेलं स्मारक आत आहे, तिथे थांबल्याशिवाय वर जाऊ नये. जुनी इमारत दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडली.

आता जाण्याविषयी. आधी फोन करून टेबल राखून ठेवा आणि खिडकीची जागा स्पष्ट शब्दांत मागा. शनिवार-रविवार टाळलेला बरा. दुपारच्या चहाच्या बुफेला माणशी काही हजार रुपये धरून चला, वर कर. एवढा खर्च नको असेल तर नुसती कॉफी आणि एखादा पदार्थ मिळेल का, ते फोनवरच विचारून घ्या. सँडविच आणि स्कोनच्या जोडीला भेळ, शेवपुरीही असते. आईचं मत विचाराल तर शेवपुरी घ्यावी. हाफ पँट आणि रबरी चपला नकोत. दारावर तपासणी होते, मोठ्या बॅगा घरीच ठेवा. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे, पण निदान खाली उभं राहून मधल्या जिन्याकडे वर पाहाच. कुठल्याही खांबाचा आधार न घेता तो मजल्यामागून मजला चढत जातो.

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून बस किंवा टॅक्सी करा. घारापुरीची लेणी त्याच दिवशी करायची तर सकाळची लाँच पकडा. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचींचा भरवसा नसतो.

परतताना पाय शाबूत असतील तर काळा घोड्यापर्यंत चालत जा. वॉटसनची लोखंडी सांगाड्याची इमारत तिथे अजून उभी आहे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रांचे खेळ मुंबईत पहिल्यांदा झाले ते तिथेच. ती मोडकळीला आली आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहावी लागते. उजेड असतानाच पोहोचा.