'निष्क्रिय' यादीतला वाचक

मी एका ऑनलाइन मासिकाचा वाचकविभाग सांभाळते. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीचं हे मासिक. लेख वाचून लोक आपले अनुभव लिहितात, एकमेकांना अडचणी विचारतात, आमचं कुठे चुकलं तर तेही दाखवून देतात.

त्या दिवशी बैठकीत जुनी खाती बंद करण्याचा विषय होता. तांत्रिक विभागाने यादी आणली होती, वर शीर्षक 'निष्क्रिय यूजर'. वर्षभरात ज्यांनी एक ओळही लिहिली नाही ते सगळे त्यात. त्यांना पाठवायच्या मेलचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला, म्हणून मी यादीही उघडली. नावं नव्हती, नुसते खातेक्रमांक आणि कोणता लेख कधी उघडला त्या वेळा.

एका खात्यापाशी थांबले. या माणसाने महिनोन्महिने एकच लेख उघडला होता, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर होणाऱ्या जखमांवरचा. वेळा होत्या रात्री साडेअकरा, दीड, साडेतीन, पहाटे साडेपाच. दुसऱ्या रात्री पुन्हा जवळपास त्याच. त्या लेखात आम्हीच लिहिलंय की साधारण दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, उशी कुठे लावायची ते पाहा, टाचा गादीला टेकू देऊ नका. पलीकडे कोणीतरी रात्रभर उठून कूस बदलत असणार, आणि प्रत्येक वेळी उशीचं चित्र पुन्हा बघत असणार. आम्ही त्याला निष्क्रिय म्हणत होतो!

मी ते बैठकीत वाचून दाखवलं. एक सहकारी म्हणाला, "पण हे लोक आपल्याला देत काहीच नाहीत." मला ते पटलं नाही. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल मांडलेला ढोबळ ठोकताळा या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एकच जण भरभरून लिहितो. म्हणजे न लिहिणं हा बहुतेकांचा नेहमीचा रिवाज. त्यांना इंग्रजीत 'लर्कर' म्हणतात, दबा धरून बसल्यासारखं, आणि तो शब्द मला फार लागतो. त्याच वर्षी पत्रकारितेचे अध्यापक जे रोझन यांनी श्रोता-प्रेक्षक आता नुसता ऐकणारा-बघणारा राहिलेला नाही, असं ठासून लिहिलं. ते खरंच होतं. पण त्या उत्साहात गप्प राहून वाचणारा माणूस कमी प्रतीचा ठरत गेला, असं मला वाटतं.

मग नाव काय द्यायचं? 'यूजर' नको, यावर एकमत झालं. ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक जॅक डॉर्सी यांनी 2012 मध्ये आपल्या स्क्वेअर या डिजिटल पेमेंट कंपनीत तो शब्द सोडून 'ग्राहक' म्हणायला सांगितलं होतं, पण आमच्याकडे कोणी काही विकत घेत नाही. 'सदस्य' म्हटलं की वर्गणी आणि हजेरी आली. मी 'वाचक' धरून ठेवला. छापील वर्तमानपत्रांत संपादकाला खरमरीत पत्र लिहिणाराही 'आपला एक वाचक' अशीच सही करायचा. लिहिलं म्हणून त्याचं वाचकपण सुटलं नव्हतं.

शीर्षक बदललं. खातं बंद करण्याची अटही बदलली: दीर्घकाळ कोणी एकही लेख उघडला नसेल तरच विचारायचं. मेलमध्ये मी लिहिलं, "आपण लिहिलं नाही तरी चालेल. वाचत असाल तर हे खातं आपलंच आहे."

लिहिणाऱ्यांसाठी मात्र वेगळा शब्द हवा, असा तांत्रिक विभागाचा आग्रह आहे, कारण त्यांना आकडे वेगळे काढावे लागतात. ते 'सहभागी' सुचवताहेत. मी अडून बसले आहे. तो शब्द घेतला तर पहाटे साडेतीनला उशी सरकवणारा माणूस पुन्हा सहभागाबाहेर जातो. 'लिहिते वाचक' हा माझा पर्याय आहे, आणि पुढच्या बैठकीत तोच मांडणार आहे.