तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी बुलेट डोंगरवाटांना न्यायची तर

पाऊस ओसरला, दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. "घरात कास्ट आयर्न इंजिनाची ३५० बुलेट आहे, पॉइंटवाली. साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडी, पाटण, ढेबेवाडी करत शिराळा, आणि येताना विटा, आटपाडी, दहिवडी. चारशे-साडेचारशे किलोमीटर, जमेल तितकं कच्च्या वाटेनं. गाडीला काय काय नवीन बसवू?"

शक्य तितकं कमी बसवा. आणि जे बसवायचंच आहे ते निघायच्या तीन आठवडे आधी बसवा, मग गाडी रोजच्या कामाला दोन-तीनशे किलोमीटर फिरवा. जुनी गाडी वाटेत बसते ती जुन्या भागापायी कमी, परवा रात्री घाईनं केलेल्या कामापायी जास्त. नवीन पॉइंटची, म्हणजे ठिणगी पाडायला उघडझाप करणाऱ्या स्विचची, फायबरची टाच पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये घासून बसते, तसा गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे सरकतं. नवीन केबल ताणते. नवीन स्पोक ढिले पडतात. ब्रेकचे नवीन लायनर ड्रमला लागायला वेळ घेतात. बोअर केला असेल तर हजारभर किलोमीटर जपूनच चालवावं लागतं, म्हणजे यंदाची राइड विसरा. हे सगळं बसणं-सुटणं घराजवळ होऊ द्यावं, ढेबेवाडीच्या पुढं नव्हे.

गाडीच्या कुवतीबद्दल शंका नको. स्विंगआर्मवाली, म्हणजे मागच्या चाकालाही सस्पेन्शन असलेली, बुलेट लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती १९४८ सालच्या कोलमोर कप ट्रायलमध्ये, म्हणजे दगडधोंड्यांच्या स्पर्धेतच. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या इंटरनॅशनल ट्रायलमध्ये बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं घेतली. तुमच्या दारातल्या इंजिनाचं मापही तेच, ७० बाय ९०, ३४६ सीसी. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील, त्यामुळे चढाला रेस न देता ठाक ठाक करत वर जाते. फरक वजनाचा. त्या गाड्या उतरवून हलक्या केलेल्या असत, तुमची १६० किलोच्या वर आहे. म्हणून लेगगार्डचे जाड पाइप, साइडला लोंबणारी लोखंडी कॅरियर, जादा हॉर्न आधी काढा. तयारीतलं सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

आता इंजिन. खरा वेळ इथंच द्यायचा, आणि त्यातही पॉइंटच्या डब्यात.

पॉइंटचं झाकण काढा. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फीलर गेज घालून, कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर. टायमिंग पिस्टन वर यायच्या आधी ०.८ मिलिमीटर, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना. पॉइंट नेमके कधी उघडतात ते बघायला सिगारेटचा पातळ कागद त्यांच्यात धरून हलका ताण द्या, कागद ज्या क्षणी सुटतो तोच क्षण. ॲडव्हान्सच्या दोन स्प्रिंगा हातानं फिरवून सोडा, झटक्यात परत आल्या पाहिजेत. एक जरी सैल असेल तर गाडी आयडलला घोटाळते आणि आपण उगाच कार्ब्युरेटरला दोष देत बसतो. कॅमला ग्रीसचा ठिपका लावा, पण खरोखर ठिपकाच. जास्त लावलेलं ग्रीस तापून पॉइंटवर उडतं, तिथं जळून काळा थर धरतं आणि ठिणगी मरते.

मग कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग. याच्याइतका फसवा भाग गाडीत दुसरा नाही. सकाळी एका किकेत चालू, यवतेश्वरचा घाट व्यवस्थित, आणि तासाभरानं इंजिन पूर्ण तापलं की फट फट करत बंद. वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा चालू. पेट्रोल आहे, प्लग चांगला आहे, आणि चारजण चार सल्ले देतात. अशा वेळी झाकण काढून बघा. पॉइंट उघडताना मोठी निळी ठिणगी तिथंच उडत असेल आणि दोन्ही तोंडं काजळली असतील, तर कंडेन्सर गेला. जुना, चांगला चाललेला कंडेन्सर असेल तर तो उगाच बदलू नका. नवीन घेतलेला मात्र आधी दोनशे किलोमीटर चालवून, 'पास' करून, मगच स्पेअर म्हणून खिशात ठेवा. डबीतला कोरा स्पेअर म्हणजे नुसती आशा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची मोकळीक, थंड इंजिनावर बघायचे, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना. बुलेटला फीलर लागत नाही. पुशरॉड बोटांनी सहज फिरली पाहिजे आणि वर-खाली खेळ अजिबात नको. फिरत नसेल तर घट्ट आहे, तशीच चढाला नेली तर व्हॉल्व्ह जळेल. हेडचं पॅकिंग बदललं असेल तर त्या तीनशे किलोमीटरनंतर हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळून टॅपेट परत बघायचे, कारण पॅकिंग दबतं.

तेल २०डब्ल्यू-५०, दोन-सव्वादोन लिटर. तेलाच्या टाकीचा आणि क्रँककेसचा असे दोन्ही ड्रेन उघडा. फिल्टर बदलल्यावर त्याची पोकळी रिकामी असते, आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या बेअरिंगला) जाणारं तेल तिथूनच जातं. तशीच चालू केली तर पहिला मिनिटभर बिग एंड कोरडाच फिरतो. म्हणून प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून पंचवीस-तीस किका मारा आणि मग चालू करा. टायमिंग कव्हर उघडलंच असेल तर क्रँकच्या टोकाचं कॉर्कचं सील नवीन घाला. थोडे पैसे वाचवायला ते जुनंच ठेवणाऱ्याला पुढं क्रँकचा खर्च भरावा लागतो.

प्रायमरी कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनाकडून क्लचला जाणाऱ्या चेनच्या झाकणात, तेल ४२० मिली. कारचं 'फ्रिक्शन कमी करणारं' तेल इथं नको, क्लच त्याच तेलात भिजलेला असतो आणि घसरायला लागतो. कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं, गळतंय म्हणून तो आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि अजून गळतं. गळती थांबवायचं काम कडेच्या रबराचं आहे. आतल्या चेनला सगळ्यात ताठ जागी ६ मिलिमीटर खेळ ठेवा. क्लचच्या दांडीला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवीच, कारण प्लेटा झिजत गेल्या की तीच मोकळीक खाल्ली जाते.

गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट ३५० ला मुळात १६ दातांचं. हायवेला पळावी म्हणून कुणी १७ किंवा १८ बसवलं असेल तर परत १६ वर या. मागचं ड्रमचाच भाग आहे, ते बदलायचा प्रश्नच नाही. पुढचं बदलायला क्लच उतरवावा लागतो, म्हणून हे प्रायमरीच्या कामातच उरकून घ्या. मागच्या चेनच्या स्प्लिट लिंकची क्लिप, बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला. उलटी बसली आणि फांदी घासली की क्लिप उडते.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं, जुने रबरी पाइप त्यानं मऊ पडतात, ते नवीन घ्या आणि कॉकनंतर छोटा फिल्टर टाका. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र सुईनं मोकळं करा. ते बुजलं की गाडी पंधरा-वीस किलोमीटरनं उपाशी मरते, आणि झाकण उघडताच 'स्स्' करून हवा आत जाते. हा आवाज आला की कार्ब्युरेटर खोलायचा नाही. कच्च्या वाटेला लिटरमागे पंचवीस धरून हिशेब करा.

चाकं. दोन्हीकडे ३.२५ बाय १९. स्पोकला पान्यानं टिचकी मारत जा, सगळे टण् टण् वाजले पाहिजेत. जो थप्प वाजतो तो ढिला. सगळे एकदम आवळायचे नाहीत, अर्धा-अर्धा आटा, मग रिम फिरताना डुलते का ते बघून पुन्हा. हवेबद्दल सगळ्यांचा उत्साह दांडगा असतो, पार दहा-बारा पाउंडावर उतरवतात. चाळकेवाडीच्या सड्यावरचा (सपाट खडकाळ माथ्यावरचा) जांभा आणि खडीचे उभे दगड बघता पुढं १८, मागं २२ च्या खाली जाऊ नका. रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटली की सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आटपाडी-माण भागात प्रकार वेगळा, तिथं बाभळीचा काटा. आत मोडून राहतो आणि नवीन ट्यूबही अर्ध्या तासात बसवतो, म्हणून ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, बोट नव्हे. काटा फडक्याला अडकतो. दोन ट्यूब, तीन पट्ट्या, शंखजिऱ्याची पूड, हातपंप.

मडगार्डचं कुणी सांगत नाही. विट्याच्या आसपास उसाच्या शेतातून गेलात आणि पाटाचं पाणी वाटेवर आलेलं असेल, तर काळी माती टायरला चिकटत चिकटत मडगार्डखाली भरते आणि शंभर मीटरमध्ये पुढचं चाक फिरायचं थांबतं. पहिला गिअर टाकून रेस देऊन काही होत नाही, फक्त क्लच जळतो. पुढचं मडगार्ड लांब पट्ट्या आणि वायसर लावून वर घ्या, टायर आणि पत्र्यात दोन बोटं आडवी जातील इतकं. तरी एक लाकडी पट्टी जवळ ठेवाच. गळीत हंगाम सुरू असेल तर डांबरीवरही पडलेल्या पाचटावर ब्रेक जपून.

नट-बोल्ट आवळताना एकच काळजी, जुन्या बुलेटला इंची पाने लागतात. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे मारतो. सायलेन्सरची पट्टी, इंजिनाचे पुढचे बोल्ट, हेडची आधारपट्टी आणि मडगार्डचे स्टे इतके रोज संध्याकाळी बघायचे. हेडलाइटच्या मागं, हँडल वळतं तिथं वायरी घासतात. तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

कागदांत पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं बघा, ते पाच-पाच वर्षांचं असतं. वाट निवडताना कासचं पठार आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या जंगलवाटा सोडूनच द्यायच्या. आणि कुठल्याही सड्यावर आहे ती वाट सोडून बाजूला गाडी घालायची नाही. वरची माती चार बोटंसुद्धा नसते, चाकाचा चर पुढच्या पावसात ओघळ होतो.

"येझदी असेल तर?" हेही विचारता. चाकं, मडगार्ड, वायरी, कंडेन्सर सगळं तेच. ती टू-स्ट्रोक, पेट्रोलात टू-टी तेल मिसळावं लागतं, म्हणून त्या तेलाची बाटली आणि मापाचं झाकण मात्र जवळ हवं, कारण गावातल्या दुकानात सुटं पेट्रोल मिळेल, टू-टी मिळेलच असं नाही.

आणि निघायच्या पहाटे तेलाची डिपस्टिक काढून बघाल, तर कोरडी दिसेल. लगेच डबा ओतू नका. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. चालू करा, धूर निघेल, निघू द्या. दोन-तीन मिनिटांत पंप तेल परत ओढून घेतो. मग बंद करून डिपस्टिक बघा, आणि तेव्हाही कमी असेल तरच तेल घाला.