जुन्या फायबरग्लास बोटीचा ट्रान्सम

जुनी फायबरग्लासची मोटरबोट घरी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा बाहेरचा फिका पडलेला जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर, मला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. माझे सारे लक्ष होते ते ट्रान्समकडे, म्हणजे इंजिन ज्यावर टांगले जाते त्या मागच्या भिंतीकडे. फायबरग्लास कुजत नाही, परंतु त्याच्या दोन थरांमध्ये बसवलेले प्लायवूड कुजते, आणि बोल्टच्या नीट न बुजवलेल्या छिद्रांतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी बाहेर काहीही न दिसू देता ते पोखरत राहते. लहान हातोडीने ठोकत गेल्यास निरोगी भागातून टणक आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द. खात्रीसाठी आतल्या बाजूने बारीक छिद्र पाडून निघणारा भुसा पाहावा. तो ओला आणि काळसर असेल, तर लाकूड बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

नवे प्लायवूड बसवण्यासाठी मी इपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारे चिकट रेझिन, निवडले. ते पॉलिएस्टर रेझिनपेक्षा महाग असते, मात्र लाकडाला आणि जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या फायबरग्लासच्या थराला ते कितीतरी अधिक चांगले धरते, आणि या एका जागी काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. जोडाच्या कडा थराच्या जाडीच्या सुमारे १२ पट रुंदीपर्यंत तिरक्या घासल्या, की भार एकाच रेषेवर न येता पसरतो. घासताना उडणारी काचेची धूळ अपायकारक असल्याने चांगला मास्क आणि चष्मा अनिवार्य आहेत. काही इपॉक्सींवर घट्ट होताना मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन मगच पुढचा हात द्यावा.