तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्ची सोडून पाय का?

"सर, मेडिकल कॉलेजात सर्जरीचं विभागप्रमुखपद चालून आलं होतं की ओ! ते सोडून पायच काय बघत बसलात?" बेळगावातल्या लग्नांत हा प्रश्न मला मसालेभाताच्या आधी वाढला जातो.

माझं ठरलेलं उत्तर: अमेरिकेत पोडियाट्री, म्हणजे पायाची डॉक्टरकी, हे वेगळं शिक्षण आहे. ४ वर्षं डीपीएम ही पदवी, मग ३ वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. पायाचा डॉक्टर तिथे डीनही होतो. आपल्याकडे पायाची एमएस नाही. मधुमेहाने बधिर होऊन चिघळलेला पाय सर्जरीच्या वॉर्डातल्या कोपऱ्यात. आमची खुर्चीच नाही, तर बसू कुठे?

उत्तर खरं आहे, पण पळवाटीचं. सर्जरीची खुर्ची होतीच. प्रभारी म्हणून आठ महिने बसलोही.

त्या आठ महिन्यांत निपाणीचे एक मधुमेही तात्या आले, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेले. डावा पाय घोट्यापर्यंत काळानिळा, वास दारापासून. त्यांनी पिशवीतून चप्पल काढून दाखवली. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवतात. यांनी रस्त्यावर टायरचा तळ मारून घेतला होता आणि त्यातून खिळ्याचं टोक वर आलेलं. चार दिवस तसेच चालले. "खिळा चपलेत हुता डाक्टर, पायाला कुठं कळतंय?"

मी जुना केसपेपर काढला. तीनच आठवड्यांपूर्वी ते आमच्याच ओपीडीत येऊन गेले होते. पायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नॉर्मल'. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, डोळे मिटवून "कळतंय का?" विचारायचं, दोन-तीन मिनिटांचं काम. लिहिणाऱ्या पोराने चप्पलसुद्धा काढायला लावली नव्हती. त्याला ओरडणार होतो. पण त्याला शिकवलं कुणी होतं? ते माझे तास होते. मी कॉलेजच्या इन्स्पेक्शनच्या फायली लावत होतो.

पाय गुडघ्याखालून मीच काढला. महिन्याभरात पद सोडलं.

तेव्हाचा मी मात्र अजून भांडतो: "राहिला असतास तर एका सहीने सगळ्या ओपीडीत तपासणी सक्तीची झाली असती. तत्त्व कसलं, घाबरलास." बरोबर असेल. माझ्यानंतर खुर्चीवर बसलेला वयाने लहान आहे आणि मला ते खुपतं, हेही घ्या लिहून.

आता सोमवारी पोरांना पायाआधी चप्पल उलटी करून बघायला लावतो. परवा एकीने हातातली चप्पल तशीच धरून विचारलं, "सर, यात पुढे करिअर काय?" मी अमेरिकेचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. पुढचा पेशंट आत आला होता.