आमची वाटचाल : तंबाखूच्या निपाणीत मोटार रिवायंडिंगचं दुकान

शेतीच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी (वायंडिंग) नव्यानं भरायची, हे आमचं काम. दुकान निपाणीत १९९४ ला सुरू झालं, पण ते चाललं कारण इथल्या शिवारातला तंबाखू मागं हटला आणि ऊस आला. म्हणून आधी गावाचं सांगतो, मग दुकानाचं.

माझं लहानपण तंबाखूच्या वासात गेलं. दादा, म्हणजे माझे वडील, वखारीत हमाली करायचे, घरी आले की अंगणात कपडे झटकून मगच आत यायचे तरी सगळ्यांना ठसका लागायचा. आई घरात बिड्या वळायची, मजुरी हजार बिड्यांवर, आणि ठेकेदारानं छाट काढली, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकल्या की तेवढ्या बिड्यांची मेहनत गेली. गल्लीत घराघरात हेच. तंबाखू काळ्या रानात पावसाळ्यात लावायचा, पुढं जमिनीतल्या ओलीवरच तो येतो, शेंडे खुडा, फुटवे काढा हे काम भरपूर पण पाणी पाजायचं काम जवळजवळ नाहीच. मग मोटार कोण घेणार आणि जळणार तरी कुठली! दर मात्र व्यापारी ठरवणार. १९८१ ला शरद जोशींच्या हाकेवर हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर येऊन बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. मी तिसरीत होतो. त्या दिवशी दादा परत यायला रात्र झाली, आई तोपर्यंत चूल न पेटवता उंबऱ्यावर बसून होती.

नंतर वर पाटगाव आणि काळम्मावाडीची धरणं झाली आणि वेदगंगा-दूधगंगेला उन्हाळ्यातपण पाणी राहायला लागलं. यमगर्णी, भोज, कारदगा, जिकडं बघावं तिकडं ऊस. भोजजवळ दोन्ही नद्या एक होतात, त्या बाजूला तर काठावर मोटारीच मोटारी. मी तेव्हा कोल्हापूरला उद्यमनगरात एका वायंडिंगच्या दुकानात ३ वर्षं काम शिकत होतो. निपाणीचा शेतकरी जळालेली मोटार एसटीच्या टपावर टाकून ४० किलोमीटर तिथं यायचा, दोन दिवस वाट बघायचा, आणि तिकडं उसाला ताण बसायचा. ते बघून ठरवलं की दुकान आपल्या गावात काढायचं. आईनं भिशी उचलून दिली. एक गाळा, हातानं फिरवायचं एक वायंडिंग मशीन आणि उधारीवर आणलेली तांब्याची तार, एवढ्यावर सुरुवात.

थ्री फेजमधला एक फेज गेला तरी मोटार तशीच ओढत राहते, गरम होते आणि वायंडिंग जळतं, आमच्याकडं येणारी कितीतरी कामं याच कारणानं. लाईट रात्री असली की शेतकरी स्टार्टर ऑटोवर टाकून झोपतो, सकाळी बघतो तर वास सुटलेला. म्हणून आम्ही प्रत्येक मोटारीबरोबर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं साधन, बसवा म्हणून सांगतो, त्यानं आमचं काम कमी झालं तरी चालेल. चिकोडीकडनं येणारे "मोटार सुट्ट होगेत्री" म्हणत आत यायचे, मला तेव्हा तोडकंमोडकं कानडी यायचं, आता हिशोबपण कानडीत करतो. बोर्ड कानडीत आहे, बिल दोन्ही भाषेत आहे.

२००३ च्या दुष्काळात एक मोठी चूक झाली. कामं अंगावर आली होती, एका डीलरकडनं स्वस्तातली तार घेतली, तारेवरचा इनॅमलचा थर कच्चा निघाला आणि महिन्याभरात ३० च्या वर मोटारी परत जळून आल्या. सगळ्या फुकट भरून दिल्या. बायकोचं गंठण गहाण पडलं, सोडवायला २ वर्षं गेली. पण त्यातलं एकपण गिऱ्हाईक तुटलं नाही. तेव्हापासून तार मी स्वतः कोल्हापूरला जाऊन, तपासूनच आणतो.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तर कुणीच विसरणार नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, रस्ता बंद, काठावरच्या मोटारी काढायला वेळच मिळाला नाही. पाणी उतरल्यावर टेम्पो भरभरून मोटारी आल्या, दुकानासमोर रस्त्याच्या कडेला रांग लागली. बेअरिंगमध्ये गाळ, स्टेटरमध्ये (वायंडिंग बसवलेल्या भागात) गाळ. काहीजणांनी घाईनं तशाच चालू केल्या होत्या, त्या गेल्या. ज्यांनी हात लावला नव्हता त्या आम्ही गोड्या पाण्यानं धुतल्या, ओव्हनमध्ये सुकवल्या, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून रीडिंग बरं आलं की परत वार्निश मारलं, बऱ्याच रिवायंड न करता वाचल्या. आम्ही ६ जण होतो, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं त्याची दोन पोरं मजुरी न घेता आमच्याकडं लावली, हे मी कायम सांगतो. २०२१ ला परत पाणी आलं पण तोवर लोक शहाणे झालेले, निम्म्या मोटारी आधीच वर काढलेल्या.

आता ९ जण आहोत. मुलगा सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करायला शिकलाय. दादा गेले, आई आहे, बिड्या वळून तिची बोटं वाकलीत पण दुकानात येऊन बसते, कॉइलला टेप गुंडाळायला मागते आणि ती गुंडाळी आमच्या पोरांपेक्षा घट्ट असते.

जून ते सप्टेंबर दुकान रात्री १० पर्यंत उघडं असतं. नदीला पाणी वाढायला लागलं की लगेच फोन करा, रात्र असली तरी चेन-पुली घेऊन पोरं येतील. आणि मोटार बुडलीच तर आम्ही येईपर्यंत बटण दाबू नका.